नकाशातला ओटा

इमारत तीन, चौथा मजला, चारशे तीन.
हौसाबाई गांगोडे. देखभाल खर्चाची थकबाकी
चार महिन्यांची, रुपये दोन हजार चारशे फक्त.
हे 'फक्त' आमच्या पावतीपुस्तकात छापूनच येतं.

लिफ्ट बंद होती.
लिफ्टचेच तर पैसे मागायला आलोय, म्हणत
संस्थेची नोटीस पिशवीत घेऊन जिने चढलो,
तिसऱ्या मजल्यावर दम खाताना ठरवलं
आज जरा कडक बोलायचं.

दाराला कुलूप.
शेजारच्या पिंजारीवहिनी म्हणाल्या,
"ती दुपारची इथं नसतेच. नासर्डीला जाते."

नासर्डीला आता काय आहे?
पूररेषेच्या आतल्या त्या झोपड्या
आम्हीच मोजल्या, दारांवर आम्हीच नंबर टाकले,
करारावर बाईचं नाव आधी, हेही आम्हीच भांडून घेतलं.
मग जेसीबी आला. आता तिथं
सपाट माती आणि तारेचं कुंपण.

कुंपणाला पाठ टेकून ती बसली होती.
पुढं जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर
नागलीचे पापड, उन्हानं कडा उचललेले.
"इथं माझा ओटा होता," म्हणाली,
कुणी सांगावं, इथं माझी विहीर होती, तसं.

मावशी, नव्या घरात ओटा दिलाय की!
काळ्या कडप्प्याचा, सहा फुटी. नकाशात बघा.

ती हसली.
"तो भाकरीचा ओटा, भाऊ.
मी म्हणते तो माणसांचा.
बसलेली दिसले की बाई थांबायची,
थांबली की सुनेचं गाऱ्हाणं सांगायची,
गाऱ्हाणं संपेतो दोन डझन पापड जायचे.
चौथ्या मजल्यावर कोण वाट चुकून येतंय?"

दोन वर्षं आम्ही बैठका घेतल्या.
मोरी कुठे, नळ कुठे, खिडकी कुठल्या अंगाला,
सगळं विचारलं, वहीत लिहिलं.
दुपारी चारला तुम्ही कुठं बसता,
हे विचारायचं राहिलं.

रात्री सिडकोतल्या माझ्या खोलीत
(भाड्याची. अकरा महिन्यांचा करार,
खिळा ठोकायचा तर मालकाला विचारून)
नोटिशीच्या पाठीवर तळमजला काढला.
पंपाची खोली, मीटरची पेटी, जिना.
जिना आणि पेटीच्या मध्ये नऊ फूट,
नकाशात तिथं लिहिलेलं: रिकामी.

समितीची बैठक अडीच तास चालली.
खैरनार म्हणाले, आज पापड, उद्या वडापावची गाडी.
कुणी म्हणालं, रंग खराब होईल.
अध्यक्षांनी गच्चीची चावी
तीनदा खिशातून काढली, तीनदा परत ठेवली.
शेवटी पिंजारीवहिनी उठल्या:
"मलापण गाद्यांना टाके घालायला जागा लागते.
घरात कापूस उडतो, पोरगं खोकतं."
मग कुणी फार बोललं नाही.

गच्ची मंगळवार-शुक्रवार, चारपर्यंत.
कुंपणभिंतीच्या उरलेल्या विटा होत्याच.
सिमेंट ओलं असतानाच हौसाबाई बसल्या,
लुगड्याची वीण त्यात उमटली ती अजून दिसते.

परवा सहाशे दिले, दहा-दहाच्या नोटांत.
बाकीचे दिवाळीनंतर, म्हणाल्या.
पावती फाडताना
'फक्त' या शब्दावर माझा अंगठा होता.

थकबाकी अठराशे.
लिफ्ट अजून बंदच आहे.
संध्याकाळी लोक खाली ओट्यापाशी थांबतात,
खैरनारसुद्धा, पार्किंगवरून वाद घालत.
कुणी वर निघालं की त्याच्या हाती
आपापली पिशवी पाठवतात.